येळवशीच्या शेतात गावसकर आणि गिल

२०२५ ची गुवाहाटीची कसोटी भारताने ४०८ धावांनी गमावली आणि महिना उलटायच्या आत येळवस, म्हणजे वेळा अमावास्या आली. आमच्या लातूर जिल्ह्यात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं माणसांनी भरतात. कडब्याच्या कोपीत पांडव मांडायचे, पूजा करायची, मग भज्जी, उंडे, खीर आणि वर गार आंबील. जेवण अंगावर आलेलं असतं, ऊन सोसेल असं असतं आणि संध्याकाळपर्यंत कुणालाच कुठं जायचं नसतं. वाद घालायला याहून चांगला मुहूर्त पंचांगात नाही.

वाद घालणारे दोघे. एक माझे मेहुणे, म्हणजे माझ्या मुलाचे मामा. नांदेडला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले, रेडिओवर बाळ पंडितांचं मराठी समालोचन ऐकत वाढलेले. दुसरा माझा मुलगा. लातुरात एका खासगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो आणि रविवारी लाल चेंडूने डावखुरी फिरकी टाकतो. मामांच्या लेखी कसोटी फलंदाजी गावसकरपासून सुरू होते आणि द्रविडपाशी संपते. भाच्याच्या लेखी ती आत्ता कुठे रंगात आली आहे.

मामा : चारशे आठ! आपल्या कसोटी इतिहासात धावांच्या हिशेबानं एवढा मोठा पराभव कधी झाला नव्हता. आणि तू म्हणायलास, ही पोरं जुन्यांची बरोबरी करतील.

भाचा : मामा, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये गिलनं पाच कसोटींत ७५४ धावा केल्या ते विसरलात? एजबॅस्टनला एकाच कसोटीत २६९ आणि १६१. तुमच्या गावसकरांचा १९७१ चा ७७४ चा विक्रम फक्त वीस धावांनी वाचला.

मामा : वाचला नाही, राहिला. सुनीलनं त्या ७७४ चार कसोटींत केल्यात. बोटाला जखम झाली म्हणून पहिली कसोटी खेळलाच नव्हता. वय एकवीस, पहिलीच मालिका, डोक्यावर हेल्मेट नाही. पोर्ट ऑफ स्पेनला शेवटच्या कसोटीत १२४ आणि २२०. सरासरी काढ बरं, तू तर गणितातला माणूस.

भाचा : १५४.८०. पण समोर कोण होतं तेही सांगा की. होल्डिंग, रॉबर्ट्स, मार्शल, गार्नर यांतला एकही तेव्हा आलेला नव्हता. लोक ७७४ म्हणतात आणि डोळ्यांसमोर तोफखाना आणतात. त्या मालिकेत तो नव्हताच.

हा मुद्दा बिनतोड होता. आमच्या पिढीच्या आठवणीत १९७१ आणि १९८३ एकमेकांत मिसळून गेलेत. मामा क्षणभर गप्प झाले, पण माघार घेणाऱ्यातले ते नाहीत.

मामा : बरं, मग पुढं चल. वेस्ट इंडीजविरुद्ध त्याची शतकं किती? तेरा. आणि ८३ साली मद्रासला मार्शल-होल्डिंगसमोर नाबाद २३६ काढल्या त्या काय गल्लीतल्या बोलिंगवर?

भाचा : त्याला मी नाही कुठं म्हणतोय? पण मामा, १९७१ च्या त्या मालिकेनंतर गावसकरांचं पुढचं कसोटी शतक कधी आलं, माहितीये? १९७४ मध्ये, मँचेस्टरला. मधे इंग्लंडविरुद्ध दोन मालिका झाल्या आणि त्यांत एकही शतक नाही. तेव्हा तुम्ही काय म्हणत होता? ‘एका मालिकेचा राजा’ म्हणत होता ना?

मामा : म्हणत होतो. सगळेच म्हणत होते.

भाचा : मग तेच गिलला म्हणू नका. इंग्लंडला जाण्याआधी त्याची सरासरी पस्तिशीच्या आसपास होती. परदेशात जमत नाही म्हणायचे. कर्णधार झाला आणि जमलं. आणि जैस्वाल? २०२४ मध्ये इंग्लंडविरुद्ध घरच्या पाच कसोटींत ७१२ धावा, विशाखापट्टणम आणि राजकोट असे लागोपाठ दोन कसोटींत द्विशतक. वय बावीस.

मामा : लागोपाठ दोन द्विशतकं म्हणशील तर कांबळीचं नाव आधी घे. १९९३ मध्ये मुंबईत इंग्लंडला २२४ आणि पुढच्याच कसोटीत दिल्लीला झिम्बाब्वेला २२७. कसोटी सरासरी ५४.२०, सचिनपेक्षा थोडी जास्तच. आणि शेवटची कसोटी कितव्या वर्षी खेळला? तेविसाव्या. सतरा कसोटी, खेळ खलास. पोरगं सुरुवातीला किती चमकतं याच्यावर मी आता पैज लावत नाही बाबा.

कांबळीचं नाव निघालं की आमच्या घरात वाद थांबतो आणि हळहळ सुरू होते. दोन मिनिटं तसंच झालं. तेवढ्यात पोरांचा टेनिस चेंडू उभ्या ज्वारीत गेला. येळवशीच्या क्रिकेटचा नियम सोपा असतो: उभ्या पिकात चेंडू गेला तर फलंदाज बाद, आणि आणायलाही त्यानंच जायचं. या नियमामुळे आमच्या शेतात दरवर्षी दोन-तीन पोरं तरी चेंडू जमिनीलगत खेळायला शिकतात. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर गेली की विसरतात.

मामांनी आता हुकमाचं पान काढलं.

मामा : दाजी, तुम्हीच सांगा. आपल्या मराठवाड्यातला माणूस कसोटीत फलंदाज म्हणून खेळला असेल तर तो कोण?

मी : संजय बांगर.

मामा : बीडचा! आणि खेळला कुणाकडून? आमच्या रेल्वेकडून. बीडला रेल्वे आली सप्टेंबर २०२५ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी बीडचा माणूस रेल्वेकडून रणजी खेळून इंग्लंडला पोचला होता. २००२ ची हेडिंग्ले कसोटी. आपण मालिकेत एकनं मागं. आभाळ भरलेलं, खेळपट्टी ओलसर, आणि गांगुलीनं नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. सेहवाग लवकर गेला. मग बांगर आणि द्रविड. एकशे सत्तरची भागी. बांगरच्या धावा किती, तर ६८. चेंडू किती? दोनशे छत्तीस! पुढं द्रविड १४८, सचिन १९३, गांगुली १२८, आठ बाद ६२८ वर डाव सोडला आणि एक डाव ४६ धावांनी जिंकलो. पेपरात फोटो त्या तिघांचे. पण नवा चेंडू जुना करून दिला कुणी?

भाचा : बांगरला मीही मानतो. पण त्याची कसोटी सरासरी तिशीच्या आतली, एकूण कसोटी बारा. तुम्ही त्याला थोरांच्या रांगेत बसवणार?

मामा : थोर म्हणून नाही बसवत. मी म्हणतोय, त्या काळी थोर नसलेला माणूससुद्धा दोनशे छत्तीस चेंडू खेळायचा. आज थोर म्हणवणारा खेळतो का?

भाचा हसला. तो या प्रश्नाची वाटच बघत असावा.

भाचा : मँचेस्टर, जुलै २०२५. पहिल्या डावात आपण ३११ नं मागं. दुसऱ्या डावाच्या पहिल्याच षटकात शून्यावर दोन बाद. सगळ्यांनी टीव्ही बंद केले. तिथून भारत १४३ षटकं खेळला, चार बाद ४२५, सामना वाचवला. वॉशिंग्टन सुंदर नाबाद १०१, वय पंचवीस. आणि गिलच्या १०३ धावा किती चेंडूंत, माहितीये? दोनशे अडतीस. तुमच्या बांगरपेक्षा दोन जास्तच!

पलीकडे भांडी आवरणारी माझी बायकोसुद्धा यावर हसली. ‘घे,’ ती भावाला म्हणाली, ‘दोन चेंडूंनी हरलास.’

मामा : हरलो नाही अक्का. शून्यावर दोन बाद झाले ते दोघं कोण होते, विचार त्याला. जैस्वाल आणि साई सुदर्शन. दोघंही याचीच नवी पोरं. आणि सुंदरसोबत दुसऱ्या टोकाला उभा कोण होता? जडेजा. छत्तीस वर्षांचा. म्हाताऱ्या खोडानंच तारलं.

भाचा : गिलसोबत राहुल होता, तोही तिशीपुढचाच. कबूल. पण मुद्दा एवढाच की, ही पोरं उभी राहू शकतात. ऑस्ट्रेलियात २०२१ च्या जानेवारीत ब्रिस्बेनच्या गाब्बावर गिल ९१, पंत नाबाद ८९. त्याआधी सिडनीला हनुमा विहारी दुखऱ्या पायावर १६१ चेंडूंत नाबाद २३ खेळून गेला. गाब्बावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरली नव्हती. तुमच्या काळात हे झालं होतं का?

मामा : नाही झालं. परदेशातलं मी सोडून देतो, जा. तिथं चेंडू बॅटवर येतो, पोरं बॅकफूटवर मस्त खेळतात. पण घरी? घरी काय चाललंय? आपल्या अंगणात आपल्याला फिरकी खेळता येईना. बंगळुरूला न्यूझीलंडनं ४६ वर काढलं...

भाचा : थांबा. बंगळुरूच्या ४६ मध्ये फिरकीचा एकही बळी नव्हता. ढगाळ हवेत हेन्री आणि ओरूर्कनं काढलं. आणि त्याच सामन्यात दुसऱ्या डावात सर्फराजनं १५० केल्या. आकडा घ्यायचा तर पूर्ण घ्या. तुमच्या काळातला घ्यायचा तर १९७४ चा लॉर्ड्सचा ४२ घ्या. त्यात गावसकर होते, विश्वनाथ होते, वाडेकर होते.

मामा : घेतो. पण पुणे? गहुंजेला सँटनरनं तेरा बळी घेतले. मुंबईला एजाज पटेलनं अकरा. एकशे सत्तेचाळीस करायच्या होत्या वानखेडेवर, १२१ त गुंडाळले. आणि परवाचं ईडन? लक्ष्य १२४. किती झाल्या? त्र्याण्णव!

भाचा : ईडनला कर्णधार मान आखडून बाहेर होता, आपण नऊच विकेटवर खेळलो. आणि न्यूझीलंडची मालिका तुम्ही नव्या पोरांच्या नावावर टाकताय? त्या तीन कसोटींत रोहितच्या धावा ९१, कोहलीच्या ९३. आपल्याकडून सगळ्यात जास्त कुणाच्या? पंतच्या, २६१. फिरकीपुढं आधी थोरले कोसळले मामा, धाकटे नंतर.

इथे माझ्या मुलानं वादाची दिशा बदलली, आणि मला वाटतं, योग्यच बदलली. फिरकीपुढची घसरण पोरांची नाही, साऱ्या काळाची आहे. मग प्रश्न उरतो, असं का झालं. मामांचं उत्तर तयार होतं: हात. त्यांनी बांधावरून तुरीची एक वाळली काठी उचलली, जेवणाच्या चटईवरच पवित्रा घेतला आणि दाखवायला लागले. वरचा हात मुठीत घट्ट. खालच्या हाताची फक्त दोन बोटं, तीही नुसती टेकवलेली. एका भाचरानं हौसेनं चेंडू टाकला. काठीला लागून चेंडू मामांच्या पायापाशी मेला, पुढे वीतभरसुद्धा गेला नाही. ‘हे बघ,’ मामा म्हणाले, ‘खालचा हात सैल. आता तू ट्वेंटी-ट्वेंटीवाल्यासारखा धर.’ भाच्यानं काठी दोन्ही हातांनी आवळली. त्याच वेगाचा, तसाच चेंडू. या वेळी तो काठीवरून टणकन उडाला आणि शॉर्ट लेग जिथं उभा असतो बरोबर तिथं, माझ्या मांडीवर येऊन पडला.

मामा : झाला झेल. दाजींनी घेतला. १९८७, बंगळुरू, पाकिस्तान. तौसिफ आणि इक्बाल कासिम. चेंडू टप्पा पडला की धूळ उडायची. जिंकायला २२१ हव्या होत्या. बाकीच्यांत कुणाला तिशीसुद्धा गाठता आली नाही आणि सुनील एकटा ९६ पर्यंत गेला. शेवटचा कसोटी डाव त्याचा. सोळा धावांनी हरलो, पण ती खेळी अजून प्रशिक्षक पोरांना दाखवतात. कशामुळं? या दोन बोटांमुळं.

भाचा : मान्य, हात सैल हवा. पण मामा, तुम्ही एक गोष्ट लपवायलात. त्या काळी पाय पुढं टाकून पॅडवर घेतलं की अंपायर बोट वर करायचा नाही. फलंदाज इतका पुढं आलाय, चेंडू कुठं जाईल सांगता येत नाही म्हणायचा. संशयाचा फायदा फलंदाजाला. अर्धी जुनी बचावाची शाळा त्या फायद्यावर उभी होती. भारतात घरच्या कसोटींत २०१६ पासून डीआरएस आलं. आता पायावर घेतलं की मशीन सांगतं, चेंडू मधली यष्टी उडवत होता. म्हणून पोरांना प्रत्येक चेंडू बॅटनं खेळावा लागतो. बॅट पुढं आली की कड लागणार, जवळ झेल जाणार. तुमच्या थोरांनाही आज पॅड लपवता आलं नसतं.

मामा : सुनील पॅडनं खेळायचा नाही.

भाचा : सुनील नाही खेळायचा. बाकीचे दहा खेळायचे.

यावर मामांकडे उत्तर नव्हतं. मला हा मुद्दा त्या दिवशी पहिल्यांदाच नीट कळला. जुन्या-नव्याची तुलना करताना आपण हेल्मेट, झाकलेल्या खेळपट्ट्या, जाड बॅटी अशा नव्यांना मिळालेल्या सोयी मोजतो. त्यांच्याकडून काढून घेतलेलं कुणी मोजत नाही. त्यात भर म्हणजे कसोटी अजिंक्यपदाच्या गुणांसाठी आपणच घरी पहिल्या दिवसापासून फिरणाऱ्या खेळपट्ट्या मागून घेतो आणि मग आपलेच फलंदाज त्यात सापडतात.

पण मामा संपले नव्हते.

मामा : ठीक. पॅड गेलं, मग हात आणखी चांगला हवा ना? तो कुठं घडतो? लहान सामन्यांत नाही घडत, चार दिवसांच्या सामन्यात घडतो. शिवाय सुनील, वेंगसरकर, सचिन सगळे पावसाळ्यात मुंबईची कांगा लीग खेळायचे. ओल्या खेळपट्टीवर, गुडघाभर गवतात. आणि आत्ताचे? कोहली बारा वर्षांनी रणजी खेळायला आला, दिल्लीला स्टेडियम भरलं, आणि सहा धावांवर कुणी उडवला दांडा? आमच्या रेल्वेच्या हिमांशु सांगवाननं!

भाचा : आमच्या रेल्वेच्या, आमच्या रेल्वेच्या. कोहली नवा कुठं आहे मामा? तो तर कसोटीतून निवृत्तही झाला.

मामा : तेच म्हणतोय. थोरल्यानं वाट दाखवली, धाकटे त्याच वाटेनं चाललेत. साई सुदर्शनला इंग्लंडला का नेलं? आयपीएलमध्ये ७५९ धावा केल्या म्हणून. आणि रणजीत धावांचे डोंगर रचणारा सर्फराज? घरी. मला एक सांग, तुझ्या लातुरात पोरगं नीटच्या परीक्षेला बसतं त्याआधी किती सराव परीक्षा देतं?

भाचा : मोजत नाही आम्ही. दर आठवड्याला एक असते, शेवटच्या तीन महिन्यांत रोज. पूर्ण तीन तास, तशीच उत्तरपत्रिका.

मामा : वीस मिनिटांच्या दहा चाचण्या घेऊन तीन तासांच्या परीक्षेची तयारी होते का?

भाचा : नाही होत. बसायची सवय लागत नाही.

मामा : मग झालं तर. तुमचा लातूर पॅटर्न मला वेगळं काय सांगतो?

भाच्यानं मान हलवली. क्लासमध्ये शिकवणाऱ्या माणसाला ते नाकारता येण्यासारखं नव्हतं. पण त्यानं लगेच तीच गोष्ट उलटी करून मामांसमोर ठेवली, आणि इथून पुढचं बोलणं मला सगळ्यात मोलाचं वाटलं.

भाचा : मग चार दिवस उभं राहणाऱ्याला आपण काय देतो ते बघा. आपल्या पैठणचा अंकित बावणे. ऑक्टोबर २०१६, वानखेडे, महाराष्ट्र विरुद्ध दिल्ली. स्वप्नील गुगळे नाबाद ३५१, बावणे नाबाद २५८. दोघांची अभेद्य भागी ५९४. विजय हजारे आणि गुल महंमद यांची १९४७ ची ५७७ ची भागी मागं पडली. जगात प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये याहून मोठी भागी एकच, संगकारा-जयवर्धनेची ६२४. हजारेंसारख्या थोराचा विक्रम आपल्या मराठवाड्याच्या पोरानं मोडला. भारताची टोपी मिळाली का त्याला?

मामा : नाही.

भाचा : आणि त्याच सामन्यात दिल्लीकडून एकोणीस वर्षांच्या एका पोरानं ३०८ ठोकल्या. नऊ षटकार. त्याचं नाव ऋषभ पंत. काही महिन्यांत तो भारताकडून ट्वेंटी-ट्वेंटी खेळला आणि दोन वर्षांच्या आत कसोटी. पहिल्या कसोटीत पहिली धाव षटकारानं. मी पंतचा भक्त आहे, त्याला घेतलं ते बरोबरच घेतलं. पण गावोगावच्या पोरांनी त्या सामन्यातून काय धडा घेतला असेल?

मामांनी यावर विजय झोलचं नाव काढलं. जालन्याचा हा डावखुरा २०११ मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ खेळला, २०१४ च्या विश्वचषकात १९ वर्षांखालच्या भारतीय संघाचा कर्णधार झाला. श्रेयस अय्यर, संजू सॅमसन, कुलदीप यादव, सर्फराज खान त्याच्या हाताखाली खेळले. ते सगळे पुढे भारताकडून खेळले, कर्णधार मागे राहिला. त्याच्यानंतर बीडचा सचिन धस. वडिलांनी तेंडुलकरवरून नाव ठेवलेला. २०२४ च्या युवा विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात बेनोनीला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध चार बाद ३२ वर मैदानात आला, कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ जोडल्या आणि ९६ वर बाद झाला. भारतानं सामना दोन गडी राखून जिंकला. बीडमध्ये हा मुलगा अर्ध्या टर्फच्या खेळपट्टीवर घडला.

मामा : बघ, बीड, जालना, पैठण. आपल्या नांदेड-लातूरचं नाव नाही यात.

भाचा : कसं येईल? मागच्या वर्षी माझ्या वर्गात एक पोरगं होतं. सकाळी नेटमध्ये माझे वीस चेंडू सोडायचा, वीस खेळायचा, एक उचलून मारायचा नाही. अकरावीत आला, किट विकून टाकलं. चुकलं म्हणायची मला सोय नाही, माझा पगार त्यावर आहे.

मामा : आणि नांदेडला क्लास सोडून खेळायचं म्हटलं तरी खेळायचं काय? टेनिस चेंडू, आठ षटकं, सिमेंटची पट्टी. ज्याला सहा चेंडूंत वीस मारता येतात तो गावात हिरो.

भाचा : म्हणजे तुम्ही मला पटवलं की मी तुम्हाला?

मामा : मी म्हणतो ही पोरं गावसकर होणार नाहीत. तू म्हणतोस होऊ दिली जात नाहीत. भांडण एवढंच उरलं.

दोघांनी मला निकाल विचारला नाही, पण आंबीलीचा तिसरा ग्लास हातात होता आणि शेत माझं होतं, म्हणून मी तो देऊन टाकला. वेगवान माऱ्यापुढे, परदेशात, गिल-पंत-जैस्वाल ही मंडळी जुन्यांच्या बरोबरीला आली आहेत, काही बाबतींत पुढेही गेली आहेत. गाब्बा आणि मँचेस्टर झाल्यावर याला नाही म्हणणं हा निव्वळ हट्ट आहे. घरच्या फिरत्या खेळपट्टीवर ती आज कमी पडतात, आणि डीआरएसची सगळी वजाबाकी करूनही कमीच पडतात. तिथं मामा बरोबर आहेत. थोर कोण, हे मात्र आत्ता ठरत नाही. द्रविड १६४ कसोटींत ३१,२५८ चेंडू खेळला, कसोटीत त्याहून जास्त चेंडू आजवर कुणी खेळलेले नाहीत. गिल-जैस्वाल त्या मोजणीच्या कितव्या टप्प्यावर थांबतात ते बघायचं. मामांना निकाल मान्य नव्हता, भाच्यालाही नव्हता. दोघंही नाराज म्हणजे निकाल बहुधा बरा लागला असावा. आणि ज्या बांगरवरून एवढं रान पेटलं, तोच २०१४ ते २०१९ भारतीय संघाचा फलंदाजी प्रशिक्षक होता, याची आठवण मी करून दिली, तेव्हा दोघंही तो आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून ओढायला लागले.

आता एक विनंती, आणि ती मामा-भाच्यांना नाही. संक्रांतीनंतर आमच्याकडे तालुक्या-तालुक्यात टेनिस चेंडूच्या स्पर्धा लागतात. कुणाचा तरी चषक, मांडव, स्पीकर, पहिलं बक्षीस मोटारसायकल. खुशाल भरवा, लोकांना मजा येते. पण भरवणाऱ्यांनी वर्षातून एक स्पर्धा शाळकरी पोरांसाठी लाल चेंडूची घ्यावी, दोन दिवसांची, दोन डावांची. नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर, कुठंही. टर्फ नसेल तर मॅट अंथरा. आणि एक बक्षीस धावांना न देता सगळ्यात जास्त चेंडू खेळणाऱ्या पोराला द्या. रक्कम मामा देतो म्हणालेत, पंच म्हणून भाचा उभा राहील. तारीख तुम्ही कळवा.